ट्रेसरबाईंनी तपासलेला पोर्टफोलिओ

समोर नकाशा पसरला की बाई आधी चष्मा लावायच्या नाहीत. उजव्या हाताचा अंगठा नकाशावर मनाला येईल तिथं टेकवायच्या आणि विचारायच्या, "हितं कोण राहतं?"

अंगठा चांगला जाड होता. नखाच्या कडेला शाईचा निळसर डाग कायमचा मुरलेला. तो ज्या जागी पडे ती जागा तुमच्या नकाशात पार्किंग असो, बाग असो की नुसता कोरा कागद, उत्तर द्यावंच लागे. 'माहीत नाही' म्हटलं की बाई अंगठा उचलत नसत. तो तिथंच ठेवून डाव्या हातानं चहा प्यायच्या आणि तुमच्याकडे बघत बसायच्या. तुमच्या ओळखीतही असं एखादं माणूस असेल, ज्याच्यासमोर बसलं की आपली गृहपाठाची वही आठवते. माझ्या ओळखीत ते बाई होत्या.

मंगळवार पेठेत आमच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे, एका पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्यांत बाई एकट्या राहायच्या. एका सरकारी नगररचना कचेरीत त्यांची सगळी नोकरी झाली. हुद्दा अनुरेखक. म्हणजे साहेबांनी पेन्सिलीनं आखलेला शहराचा आराखडा ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं उतरवायचा. कचेरीत सगळे ट्रेसर म्हणायचे, म्हणून पेठेत त्या ट्रेसरबाई झाल्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी नाव तेच राहिलं. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "रजा मंजूर झाली न्हाई."

मी त्यांच्याकडे गेले ती हरून गेले. आर्किटेक्चरची पदवी झाली होती आणि पुढं शहर नियोजन शिकायचं होतं, बाहेरच्या राज्यातल्या एका संस्थेत. तिथं अर्जासोबत पोर्टफोलिओ लागतो. आपण केलेल्या कामातलं निवडक काम एका वहीत मांडायचं आणि त्यावरून समोरच्यांनी ठरवायचं, हिला शहर कळतं की नाही. माझा पोर्टफोलिओ चव्वेचाळीस पानांचा होता. गुळगुळीत कागद, काळं कव्हर, प्रत्येक पानावर थ्रीडी चित्रं. मुलाखतीत एका प्राध्यापकांनी तो शेवटपर्यंत चाळला.

"छान आहे. कुठलं शहर हे?"

"कोल्हापूर, सर."

त्यांनी परत दोन-चार पानं मागं उलटली. "वाटत नाही," ते म्हणाले. टोचून नाही, अगदी हळू म्हणाले, म्हणून जास्त लागलं. पुढच्या आठवड्यात नकार आला.

त्यानंतर मी महिनाभर घरात बसून होते. आई दळण टाकायला त्या गिरणीत जायची. तिथून एकदा येऊन म्हणाली, "वर बाईंना दाखव की तुझी वही. त्यांनी जन्मभर नकाशेच काढलेत." मला ते पटलं नाही. मी चार सॉफ्टवेअर शिकलेली, आणि टी-स्क्वेअरवर रेघा ओढणारी बाई मला काय सांगणार? पण आईशी वाद घालण्याचंही त्राण नव्हतं, म्हणून गेले.

बाईंनी वही मांडीवर घेतली. पहिल्याच पानावर मी आखलेल्या एका चौकाचं चित्र होतं.

"ही माणसं कुठली?"

"ती सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतात, बाई. चित्र जिवंत वाटावं म्हणून टाकायची."

"गोरी हाईत."

"हो."

"ह्या बाईच्या हातात फुगा कशाला?"

मी चित्राकडे वाकून बघितलं.

"एवढी मोठी बाई फुगा घिऊन मंगळवार पेठेतनं चाललीया, असं कवा बघितलंस?" मग त्यांचं बोट झाडांवर आलं. "हे नारळ न्हवं. काय हाय?"

"पाम."

"सावली पडती काय हेची?"

"फारशी नाही."

"मग एवढी आठ कशाला लावलीस? उन्हाळ्यात त्या फुगेवालीनं बसायचं कुठं?"

महिन्याभरानं मी पहिल्यांदा हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

वहीच्या मध्यावर माझी सगळ्यात आवडती आठ पानं होती, उचगावची. गाव शहराला चिकटून वाढलेलं, कारखान्यांत जाणाऱ्या माणसांनी भरलेलं. तिथली माणसं कामाला कशी जातात, पायी किती चालतात, याचा मी अभ्यास केला होता. पानभर नकाशा, त्यावर बेचाळीस रंगीत ठिपके. एक ठिपका म्हणजे मी जाऊन फॉर्म भरून आणलेलं एक घर.

बाईंचा अंगठा एका केशरी ठिपक्यावर पडला. "हितं कोण राहतं?"

"एक कुटुंब आहे. पाच माणसं. दोघं कामाला जातात."

"आडनाव?"

"पाटील," मी म्हणाले. कोल्हापूर जिल्ह्यात थाप मारायची तर याहून सुरक्षित आडनाव नाही.

बाईंनी अंगठा हलवला नाही. "हितं तर पाण्याची टाकी हाय की गं. तिच्या बुडाशी बसून मी डबा खाल्लाय, मोजणीवाल्यांबरोबर गेलते तवा. पाटील टाकीत राहत्यात काय?"

खाली गिरण सुरू होती. फरशी थरथरत होती. खरं सांगायचं तर मी सोळा घरं केली होती. मग ऊन वाढलं, एका घरी कुत्रं अंगावर आलं, दुसऱ्या घरी एका म्हाताऱ्यानं "हे लिवून आमचं काय हुणार?" असं विचारलं आणि मी परत फिरले. काम जमा करायचा दिवस जवळ आला होता. उरलेले सव्वीस फॉर्म मी घरी पंख्याखाली बसून भरले. कॉलेजात त्यालाच सगळ्यात जास्त मार्क मिळाले होते.

मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अंगठा उचलला.

"म्हंजे सोळा खरी हाईत. सोळाबी कमी न्हाईत," त्या म्हणाल्या. "उद्या साडेसहाला ये. सकाळच्या. चप्पल नको, बूट घाल."

दुसऱ्या दिवशी बाई नऊवारीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत मोजपट्टी, पेन्सिल आणि भडंगाची पुडी. बसमधून उतरलो आणि मी मोबाइलवर नकाशा उघडला. बाई म्हणाल्या, "ते ठेव. बायका कुठं चालल्यात बघ, तेंच्या मागनं जाऊ."

डब्याच्या पिशव्या घेतलेल्या सात-आठ बायका झपझप चालल्या होत्या. आम्ही त्यांच्या मागं. गावातली गल्ली संपली, एक मोकळं रान लागलं आणि पुढं महामार्गाचा भराव आडवा आला. कारखाने पलीकडच्या बाजूला. मी माझ्या नकाशात तिथं एक सुरेख बाण काढला होता, सरळ रस्ता ओलांडून जाणारा. बायका भरावाजवळ गेल्या, चपला काढून पिशवीत टाकल्या, सलवारी आणि साड्या वर खोचल्या आणि वाकून एकामागोमाग एक भरावाच्या पोटात दिसेनाशा झाल्या.

रस्त्याखालून पावसाचं पाणी जायला बांधलेली मोरी होती ती. आत घोट्यापर्यंत काळं पाणी, वर कोळिष्टकं, आणि पलीकडं उजेडाचा एक चौकोन.

"वरनं का जात न्हाई गं तुम्ही?" बाईंनी शेवटच्या बाईला विचारलं. तिचं नाव सुमन. तिशीतली, एका कारखान्यात सुटे भाग डब्यात भरायच्या कामाला.

"वरनं? वर गाड्या बघितल्यासा काय, मावशी? गेल्या साली आमची एक बाई उडवली. आन् पुलाकडनं गेलं तर अर्धा तास जातोय. आठला गेट बंद. मग दिवसभर बाहीर."

"पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात हितंपतोर," सुमननं मांडीला हात लावला. "पिशवीत दुसरी सलवार ठेवतोय आम्ही."

बाईंनी छत्री मिटली, बूट काढून माझ्या हातात दिले आणि मोरीत शिरल्या. सत्तरी ओलांडलेली बाई. मी मागून ओरडले, "बाई, नको!" आतून आवाज आला, "मोजपट्टी घिऊन ये!"

आत मी उंची मोजायला लागले, तेव्हा बाईंनी मला थांबवलं. "सुमन, जरा उभी ऱ्हा बघू." सुमन सरळ उभी राहायला गेली आणि तिचं डोकं छताला लागलं. "हे लिही. सुमनला मान वर करून उभं ऱ्हाता येत न्हाई. फुटात मागनं लिही." सुमन म्हणाली, "मावशी, मला उशीर हुतोय की!" आणि हसत पळाली.

पलीकडं एका टपरीवर चहा पिताना बाईंनी मला त्यांची गोष्ट सांगितली. नोकरीतली सुरुवातीची वर्षं होती. एका लहान गावाच्या आराखड्यात त्यांनी नवीन रस्त्याची रेघ उतरवली. लांब आणि सरळ, कुठं थेंबभर शाई सांडली नाही. साहेबांनी सगळ्यांना बोलावून दाखवली. मग हरकती मागवल्या तेव्हा एक माणूस आला. त्यानं नकाशावर बोट ठेवून विचारलं, ह्या रेघेखाली माझ्या आईची चूल आहे, ती कुठं मांडायची? साहेब जेवायला गेले होते. खोलीत फक्त बाई.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, मी फकस्त ट्रेसर हाय." बाईंनी कप खाली ठेवला. "तेनं माझ्याकडं बघितलं आन् गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं." त्यानंतर सुट्टीच्या दिवशी त्या मोजणीवाल्यांबरोबर हिंडायला लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी थांबवलंही नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही उचगावला पुष्कळदा गेलो. उरलेली घरं मी खरोखर केली. ज्या घरी कुत्रं होतं तिथं बाई पुढं व्हायच्या आणि कुत्र्याला म्हणायच्या, "सरकारी काम हाय, सरक." ते सरकायचंही. एका घरी आंबोळ्या खाल्ल्या, एका घरी भांडण सोडवलं. फॉर्म बाजूलाच राहायचे आणि माणसं आपोआप सगळं सांगायची.

संध्याकाळी गिरणीवरच्या खोलीत पानं तयार व्हायची. मोरीचं चित्र हातानं काढायचं असं ठरलं होतं. पण खाली जात्याची घरघर सुरू असली की टेबल हलायचं, म्हणून पेन हातात धरून आम्ही वाट बघायचो. बाई कान देऊन बसायच्या. "बाजरी हाय. वेळ लागंल." गिरण थांबली की म्हणायच्या, "चल, ओढ!" आणि पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत मी श्वास रोखून रेघा ओढायची. चुकलं तर दाढीच्या अर्ध्या ब्लेडनं शाई कशी खरवडायची ते त्यांनी शिकवलं. पेठेच्या संघाची फुटबॉलची मॅच असली की मात्र शिकवणी बंद. बाई मैदानावर. पंचांना त्या काय काय म्हणायच्या ते इथं लिहिता येणार नाही.

चव्वेचाळीस पानांची अठरा झाली. फुगेवाली गेली, पाम गेले. मोरीच्या छेदात, म्हणजे ती उभी कापल्यासारख्या चित्रात, मान वाकवून उभी असलेली सुमन आली. शेवटी बाईंनी माझ्या जुन्या रंगीत ठिपक्यांचं पान उचललं. मी ते टाकून दिलं होतं.

"हे पयलं लाव."

"बाई, ते खोटं आहे."

"म्हणूनच. ह्यात खोटं काय होतं ते खाली लिही. मग खरं पान."

"मला प्रवेश मिळणार नाही. पहिल्याच पानावर मी खोटारडी ठरेन."

"मग ठरशील."

मी चिडले. म्हणाले, "तुम्हाला काय जातंय सांगायला? तुमची नोकरी झाली, पेन्शन चालू आहे." बाई कप विसळायला उठल्या. मी वही उचलून जिना उतरले आणि आठ दिवस तिकडं फिरकले नाही.

त्या आठ दिवसांत मी ते पान तीनदा लावलं आणि तीनदा काढलं. त्या पानाशिवाय वही देखणी होती, पण उघडली की मला त्यात टाकीतले पाटीलच दिसायचे. नवव्या दिवशी पान लावून बाईंकडे गेले. त्यांनी ते वाचलं, शुद्धलेखनाची एक चूक काढली आणि म्हणाल्या, "जेवून जा. पांढरा रस्सा केलाय." माफी मागायची राहूनच गेली. ती अजून राहिलेलीच आहे.

त्याच संस्थेत मी पुन्हा अर्ज केला. मुलाखतीला तेच प्राध्यापक होते. पहिलं पान त्यांनी बराच वेळ वाचलं.

"यातले किती फॉर्म तुम्ही घरी बसून भरले होते?"

"बेचाळीसपैकी सव्वीस."

"आम्हाला कळलं नसतं."

"हो, सर."

"मग लावलं कशाला?"

मी घरून एक लांबलचक उत्तर पाठ करून गेले होते. ते सगळं विसरले. म्हणाले, "उचगावातल्या एका बाईला ही वही दाखवताना मला लाज वाटायला नको, म्हणून." हे उत्तर बरोबर होतं का, ते मला आजही सांगता येणार नाही. सरांनी पुढचं पान उलटलं आणि मोरीपाशी थांबले. त्यानंतर पाऊण तास ते सुमनबद्दलच विचारत होते. माझ्या चार सॉफ्टवेअरबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा मी बाईंना फोन लावला. मागं प्रचंड आरडाओरडा.

"बाई, झालं! मिळाला प्रवेश!"

"झालं? लई बेस! लई बेस, पोरी! आता ठेव, पेनल्टी हाय."

मी गेले. नवं शहर, नवे मित्र, मोठमोठे प्रकल्प. सुरुवातीला दर रविवारी फोन करायची, मग महिन्यातून एकदा. "काय चाललंय बाई?" विचारलं की म्हणायच्या, "चाललंय की." सुट्टीत भेटले तेव्हा त्या वाळल्या होत्या, एका डोळ्याला कमी दिसत होतं. मी माझे नवे नकाशे दाखवले. उचगावचा विषय मी काढला नाही. खरं म्हणजे मला तो आठवलाच नाही. माझ्या दृष्टीनं तो अभ्यास पूर्ण झाला होता.

यंदा जुलैत आईचा फोन आला. सकाळी दूधवाल्यानं हाका मारल्या तरी बाईंनी दार उघडलं नव्हतं.

मी पोचले ती रक्षाविसर्जनाच्या दिवशी. हातकणंगल्याहून त्यांचे भाऊ आले होते. गल्लीत खुर्च्या मांडल्या होत्या, पेठेतली माणसं होती, फुटबॉलची सगळी टीम होती. कोपऱ्यात पाच-सहा बायका डब्याच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. त्यांतली एक माझ्याजवळ आली. मी तिला ओळखलं. इतक्या वेळा मी तिचं चित्र काढलं होतं.

"पेपरात बघितलं," सुमन म्हणाली. "बाई गुरुवारी आल्या न्हाईत, तवाच वाटलं."

"गुरुवारी?"

"दर गुरुवारी यायच्या की. सकाळी आमच्याबरोबर पलीकडं चालत. गेली दोन वर्सं." मला काहीच माहीत नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं असावं. ती हळू बोलायला लागली. बाईंनी बायकांच्या सह्या घेऊन अर्ज केला होता. त्या या कचेरीतून त्या कचेरीत जायच्या. कुणी बसायला सांगितलं नाही तर उभ्या राहायच्या. शेवटी मोरीत एका कडेला हातभर रुंदीचा सिमेंटचा कट्टा झाला. साध्या पावसात आता पाय कोरडे राहतात. दोन दिवे लागले. "एक चालू हाय," सुमन म्हणाली. वरून जायच्या पादचारी पुलाचा अर्ज अजून कुठल्यातरी टेबलावर होता.

तिनं मोबाइलमध्ये अर्जाला जोडलेल्या नकाशाचा फोटो दाखवला. हातानं काढलेला. रेघा जागोजागी हललेल्या, अक्षरं मोठी, डोळ्याला कमी दिसणाऱ्या माणसानं काढावीत तशी. उजव्या कोपऱ्यात चौकट होती. तीत लिहिलं होतं, 'पाहणी', आणि पुढं माझं पूर्ण नाव. त्याखाली 'ट्रेसिंग', आणि बाईंचं नाव.

मी तो फोटो बोटांनी मोठा करून बघत राहिले. सुमन म्हणाली, "आम्हाला सांगायच्या, ती पोरगी शिकून येती. पुढचं ती बघंल. तुमचं शिक्षण झालं काय, ताई?"

"झालं," मी म्हणाले. "गेल्या महिन्यात."

बायकांनी कारखान्यातून दोन तासांचीच सवलत घेतली होती. त्या निघाल्या. मी गल्लीच्या तोंडापर्यंत त्यांच्याबरोबर गेले आणि सुमनला विचारलं, उद्या घरून किती वाजता निघता?

तिनं माझ्या पायांकडं बघितलं, मग आभाळाकडं.

"सव्वासातला. पर पाणी चढलंय, ताई. कट्टा बुडलाय. येताना एक कोरडी सलवार आणा."